नौकेचा दांडा आणि समुद्राचा गंज

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या गांवांच्या बाजूनें वळणें घेत कल्याणला येते. तेथें तिच्या गोड्या पाण्याला भरतीचें खारें पाणी भेटतें. बदलापुराहून रोज आगगाडीनें मुंबईला जाणाऱ्या मनुष्याला आपण एका प्राचीन बंदराच्या वाटेवरून जात आहों याची जाणीव क्वचितच होत असेल. त्याच्या दृष्टीस पडतात तीं गर्दीनें भरलेलीं स्टेशनें, कारखान्यांचीं छपरें आणि दाटीनें उभ्या राहिलेल्या इमारती. परंतु या टापूचा समुद्राशीं असलेला संबंध अद्याप तुटलेला नाहीं. अंबरनाथ येथें भारतीय नौदलासाठीं धातु, रंग, रबर इत्यादि पदार्थांचें संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. आणि समुद्राच्या पाण्यापासून धातूचें रक्षण कसें करावें, हा तिच्यापुढील एक मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न नौकेच्या ज्या अवयवापाशीं सर्वांत बिकट होतो तो प्रवाशांना कधींच दिसत नाहीं. यंत्राची शक्ति पाण्यांतील पंख्यापर्यंत पोहोंचविणारा पोलादी दांडा, ज्याला खलाशी शाफ्ट म्हणतात, तो हा अवयव होय. यंत्र नौकेच्या पोटांत आणि पंखा बाहेर पाण्यांत. तेव्हां दांडा बाहेर जाण्यासाठीं नौकेच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या पातळीखालीं, एक भोंक ठेवावेंच लागतें. नौका म्हणजे पाणी बाहेर ठेवण्याची युक्ति, आणि तिलाच जाणूनबुजून भोंक पाडावयाचें! हें भोंक अगदीं घट्ट बुजविलें तर दांडा फिरत नाहीं. सैल ठेवलें तर पाणी आंत येतें. शिवाय जो दांडा त्यांतून जातो, त्याला खारें पाणी अहोरात्र खात असतें. गळती आणि गंज या जोडशत्रूंशीं माणसानें जो झगडा दिला त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे, आणि तींत आपल्या किनाऱ्यावरील कारागिरांचा वांटा थोडाथोडका नाहीं.

प्राचीन काळच्या नौकांना ही अडचण ठाऊक नव्हती. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ या नांवानें येतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, अंबरनाथचें शिवालय उभें राहिलें तेव्हांही उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें वैभव बंदरांच्या जकातीवर बरेंचसें अवलंबून होतें. पुढें १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी हस्तगत केली आणि थोडक्याच काळांत तेथें जहाजबांधणी सुरू केली. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत कल्याण, भिवंडी व पनवेल येथें त्यांचीं जहाजें बांधलीं जात असल्याचा उल्लेख सांपडतो. मराठी आरमाराचा पाळणा हलला तो याच खाडीच्या कांठीं. हीं सर्व जहाजें शिडाच्या आणि वल्ह्यांच्या बळावर चालत. त्यांच्या बुडाला भोंक नव्हतें; फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपूं नये एवढीच काळजी बांधणाऱ्याला घ्यावी लागे.

गंजाची ओळख मात्र त्या काळींही होती, कारण फळ्या जोडण्यासाठीं लोखंडाचे खिळे व बोल्ट लागत. या बाबतींत आपल्या सागवानानें मोठें साहाय्य केलें. इंग्लंडांतील ओक वृक्षाच्या लाकडांत एक प्रकारचें आम्ल असतें, तें लोखंडाला खातें. सागवानांत तेल असतें. त्यामुळें त्यांत ठोकलेला खिळा पुष्कळ वर्षें टिकतो. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें दीडशें वर्षांच्या आसपास मुंबईच्या गोदींत जहाजें बांधलीं. १८२४ सालीं मुंबईंत बांधलेलें ‘एशिया’ हें जहाज तीनच वर्षांनीं नॅव्हरिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें मुख्य जहाज होतें. १८१७ सालीं मुंबईंतच पाण्यांत सोडलेलें ‘त्रिंकोमाली’ आज दोनशें वर्षें उलटल्यावरही इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेलें आहे. ओकाच्या जहाजांना एवढें दीर्घायुष्य क्वचितच लाभलें.

परंतु लाकूड कितीही उत्तम असलें तरी त्याला समुद्रांतील किडा पोखरतो, आणि बुडाला शेवाळ व शिंपले चिकटून जहाजाची गति मंदावते. यावर इंग्लंडच्या आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. किड्याचा उपद्रव थांबला, शेवाळही कमी झालें; पण सुमारें दोन वर्षांनीं नौका तपासली तेव्हां निराळाच अनर्थ उघडकीस आला. पत्र्यांना लागून असलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. चमत्कार असा, कीं कांहीं ठिकाणीं तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद पत्रा आणि लोखंड यांच्यामध्यें तसाच राहून गेला होता, आणि तेथील लोखंड मात्र शाबूत होतें. कामगारांच्या हलगर्जीनें राहिलेल्या त्या कागदानें एक निसर्गनियमच दाखवून दिला: दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस स्पर्श करूं लागले, कीं त्यांपैकीं एकाचा नाश ठरलेला.

या नियमाचा उलगडा होण्यास चाळीस वर्षें जावीं लागलीं. १८०० सालीं व्होल्टा यानें निरनिराळ्या धातूंच्या चकत्या व खारट पाण्यानें भिजलेलीं फडकीं एकावर एक रचून विजेचा प्रवाह निर्माण केला. त्यावरून लक्षांत आलें, कीं तांब्याचें बूड आणि लोखंडाचा खिळा हीसुद्धां एक विद्युत्‌पेटीच आहे. समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळें तें विजेचें उत्तम वाहक होय. या पेटींत हलका पडणारा धातु झिजतो आणि वरचढ धातु सुरक्षित राहतो. जस्त सर्वांत हलकें, त्याच्यावर लोखंड व पोलाद, त्यांच्यावर तांबें, पितळ व कांसें, असा हा क्रम आहे.

सर हंफ्रे डेव्ही यांनीं १८२४ सालीं याच नियमाचा उलटा उपयोग करून दाखविला. तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला, तर तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबें राखतो. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशाव्या हिश्शाएवढें जस्तही पुरतें, असें त्यांना आढळलें. हा प्रयोग ज्या युद्धनौकेवर प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला ती ‘समरंग’ आपल्याच देशांत कोचीन येथें बांधलेली होती. प्रयोग यशस्वी झाला, पण त्या यशानेंच तो फसला. तांबें झिजेनासें झालें, त्यामुळें त्यांतून पाण्यांत मिसळणारें विष थांबलें, आणि शेवाळ व शिंपले पुन्हां बुडाला चिकटूं लागले. आरमारानें ती योजना सोडून दिली. डेव्हींना त्याचें फार वाईट वाटलें. परंतु त्यांचें तत्त्व खरें होतें, आणि आज जगांतील झाडून सर्व आगबोटींचें रक्षण त्याच तत्त्वावर चाललेलें आहे.

एवढ्यांत समुद्रावर वाफेचें राज्य आलें. मुंबईंत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्यें मुंबईहून निघून सुवेझला गेली. १८३३ सालीं अर्देशर कर्सेटजी वाडिया यांनीं ‘इंडस’ नांवाची आगबोट पाण्यांत सोडली. हे अर्देशर मोठे बुद्धिमान् यंत्रज्ञ होते. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना आपलें सभासदत्व दिलें आणि तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. पण या पहिल्या पिढीच्या आगबोटी दोन्ही बाजूंना बसविलेल्या मोठ्या चक्रांनीं चालत. चक्रांचा दांडा पाण्याच्या बराच वर असे. त्याला खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लागत, पण त्याच्यासाठीं नौकेच्या बुडाशीं भोंक पाडावें लागत नसे.

तें भोंक पाडलें मळसूत्री पंख्यानें. १८३६ सालीं स्मिथ आणि एरिक्सन या दोघांनीं स्वतंत्रपणें पंख्याचें पेटंट घेतलें. १८३८ मध्यें ‘आर्किमिडीज’ ही पंख्याची आगबोट समुद्रावर आली. १८४५ च्या एप्रिलांत इंग्लंडच्या आरमारानें ‘रॅटलर’ ही पंख्याची व ‘अलेक्टो’ ही चक्राची अशा दोन सारख्या शक्तीच्या नौका पाठीला पाठ लावून दोरखंडानें बांधल्या आणि दोघींनाही पूर्ण जोरानें चालविलें. पंख्याच्या नौकेनें चक्राच्या नौकेला ताशीं अडीच सागरी मैलांच्या वेगानें फरफटत नेलें. चक्रांचे दिवस भरले. पण विजयी पंख्यानें आपल्याबरोबर गळती आणि गंज यांची कटकट आणली.

गळतीवरचा पहिला उपाय वाफेच्या यंत्रांतूनच उसना घेतला. दट्ट्याचा दांडा जेथें नळकांड्याबाहेर येतो तेथें वाफ निसटूं नये म्हणून चरबींत भिजविलेल्या तागाच्या दोरीचे वेढे देऊन ते एका कड्यानें आवळीत. तीच युक्ति नौकेच्या दांड्याला लावली. आमचे खलाशी या जागेला ग्लँड आणि त्या वेढ्यांना पॅकिंग म्हणतात. या रचनेचें मर्म असें, कीं ती पूर्ण कोरडी ठेवावयाची नसते. नौका चालूं असतां थेंब थेंब पाणी आंत आलेंच पाहिजे; तें पाणीच दांड्याला थंड ठेवतें व वंगणाचें काम करतें. अज्ञानानें किंवा उतावळेपणानें कड्याचे बोल्ट जास्त आवळले, तर पॅकिंग तापतें, जळतें आणि दांड्यावर खोल चऱ्या पाडतें. मग त्या चऱ्यांतून पूर्वींपेक्षां अधिक पाणी येऊं लागतें.

दुसरी अडचण दांड्याच्या आधाराची होती. दांडा ज्या नळींतून जातो तिच्या आंत पितळेचे आधार बसवीत. परंतु जड दांड्याच्या घर्षणानें ते फार लवकर झिजत आणि नौका गोदींत आणावी लागे. १८५४ सालीं लंडनजवळील ग्रिनिच येथील यंत्रकार जॉन पेन यांनीं यावर एक अजब उपाय शोधला. त्यांनीं धातूऐवजीं लिग्नम व्हायटी नांवाच्या अमेरिकेंतील वृक्षाच्या लाकडाच्या पट्ट्या नळींत बसविल्या. हें लाकूड पाण्यांत बुडतें एवढें जड असतें, आणि त्यांत जात्याच राळ असल्यामुळें पाणी हेंच त्याला पुरेसें वंगण होतें. लोखंडाच्या युगांतील सर्वांत जड दांडे अशा रीतीनें लाकडावर विसंबले, आणि पुढें शंभर वर्षें विसंबून राहिले.

आतां गंजाचा विचार करूं. पोलादी दांडा खाऱ्या पाण्यांत उघडा ठेवणें शक्य नव्हतें, म्हणून आधार जेथें येतो तेथें त्याच्यावर कांशाची नळी तापवून चढवीत. ती निवली म्हणजे आक्रसून दांड्याला घट्ट बसे. कारागीर तिला लायनर म्हणतात. उपाय चांगला, पण ‘अलार्म’ नौकेचा धडा येथें पुन्हां गिरवावा लागला. कांशाची नळी आणि पोलादाचा दांडा एकत्र आले, आणि त्यांच्या शेजारीं कांशाचाच भला मोठा पंखा! नळीच्या टोकाशीं किंवा पंख्याच्या मुळाशीं पाण्याला केसाएवढी वाट मिळाली, कीं तें आंत शिरतें आणि तेथें पोलादाला चोहोंबाजूंनीं कुरतडूं लागतें. बाहेरून पाहणाराला चकचकीत कांसें दिसतें. आंत दांड्याभोंवतीं खांच पडत असते.

ही खांच इतकी घातक कां ठरते, याचें कारण विसाव्या शतकांत समजलें. फिरणारा दांडा प्रत्येक फेऱ्यांत किंचित् वांकतो. मिनिटाला शंभर फेरे धरले तरी एका दिवसांत १,४४,००० वेळां त्याच्यावर उलटसुलट ताण पडतो. कोरड्या हवेंत पोलादाला सहनशक्तीची एक मर्यादा असते. ताण तिच्या खालीं ठेवला तर दांडा कोट्यवधि फेरे सुखानें फिरतो. १९१७ सालीं हेग यांनीं ब्रिटनमध्यें पितळेवर आणि १९२६ च्या सुमारास मॅकॲडम यांनीं अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेंत पोलादावर प्रयोग केले. त्यांवरून दिसून आलें, कीं गंज आणि उलटसुलट ताण हे दोन्ही एकाच वेळीं आले तर ती मर्यादाच नाहींशी होते. खारें पाणी लागलेला दांडा अगदीं थोड्या ताणानेंही केव्हां ना केव्हां तुटतो. म्हणून लायनरच्या टोकांना व पंख्याच्या मुळाशीं रबराचीं बुचें बसविणें, आणि दोन लायनरांमधील उघड्या दांड्यावर कांच-तंतूंचें व राळेचें अखंड वेष्टण देणें, हा आज नियम झाला आहे. पैशाचें रबर लाखांचा दांडा राखतें.

दांडा आणि त्याचा सांधा यांवर किती जिवांचें भवितव्य अवलंबून असतें, हें १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या समुद्रांत दिसलें. जपानी विमानांचा एक टॉर्पेडो ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या इंग्रज युद्धनौकेच्या डाव्या बाजूच्या बाहेरील दांड्याजवळ लागला. दांडा वांकला. वांकलेला दांडा फिरत राहिल्यानें वाटेवरील भिंतींतले सांधे फाटले, आणि त्या बोगद्यांतून पाणी नौकेच्या अंतर्भागांत लोटलें. पाण्यानें विजेचीं यंत्रें बंद पडलीं, पंप थांबले, विमानविरोधी तोफा मंदावल्या. मागाहून आणखी टॉर्पेडो लागले आणि ती प्रचंड नौका बुडाली. ‘रिपल्स’ हें जोडीचें जहाजही त्याच दिवशीं बुडालें. दोहोंवर मिळून ८४० माणसें प्राणांस मुकलीं.

स्वातंत्र्यानंतर भारताला स्वतःचें नौदल स्वतःच्या ज्ञानावर उभें करावयाचें होतें. १९५३ सालीं मुंबईच्या नौदल गोदींत ‘नेव्हल केमिकल अँड मेटलर्जिकल लॅबोरेटरी’ या नांवानें एक लहानशी प्रयोगशाळा निघाली. पुढें ती संरक्षण संशोधन व विकास संघटनेकडे गेली, ‘नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’ असें तिचें नांव झालें, आणि मुंबईच्या दाटींतून निघून ती अंबरनाथला येऊन स्थिरावली. गंजाचा प्रतिबंध, नौकेच्या बुडाचे रंग, सागरी उपयोगाचें रबर, पाणबुडीसाठीं इंधनघट अशीं कामें तेथें चालतात. मार्च १८३० मध्यें मुंबईच्या आगबोटीनें सुवेझची वाट धरली होती; मार्च २०२१ मध्यें याच प्रयोगशाळेच्या इंधनघट-यंत्रणेची जमिनीवरील चांचणी यशस्वी झाल्याचें जाहीर झालें. त्याच अंबरनाथांत तांबें-पितळ यांसारख्या धातूंचें काम करणारा सरकारी शस्त्रास्त्र कारखानाही १९५३ पासून आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठीं ८ ऑगस्ट १९४९ रोजीं ज्याची कोनशिला बसली त्या उल्हासनगरच्या शेजारीं, नदीच्या त्याच कांठीं, समुद्राच्या जुन्या विद्येला असें नवें घर मिळालें.

आजच्या रक्षणाचे मुख्य मार्ग दोन आहेत, आणि दोहोंचें मूळ डेव्हींच्या तत्त्वांत आहे. पहिला बलिदानाचा. नौकेच्या पोलादी बुडाला व दांड्याजवळ जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवितात. ते झिजतात आणि पोलाद वांचतें. पण हें जस्त शुद्ध असावें लागतें. त्यांत लोखंडाचा अंश शेंकडा ०.००५ हून अधिक झाला तर ठोकळ्यावर एक कठीण पापुद्रा धरतो, आणि तो झिजण्याचें थांबतो. न झिजणारा ठोकळा पाहून अडाणी मालक खूष होतो. वस्तुतः तो ठोकळा आपलें काम करीत नाहीं याची ती खूण होय. त्याच कारणानें ठोकळ्यावर कधींही रंग लावूं नये. दुसरा मार्ग विजेचा. मोठ्या नौकांवर यंत्राच्या साह्यानें बाहेरून वीज सोडून बुडाची विद्युत्‌पातळी इष्ट मर्यादेंत ठेवतात. पातळी कमी पडली तर गंज चढतो. प्रमाणाबाहेर वाढली तर रंगाचे पोपडे सुटतात आणि कांहीं कठीण पोलादें ठिसूळ होतात.

या दोन्ही मार्गांत फिरता दांडा मात्र सहज सुटून जातो. तो तेलाच्या किंवा पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगत असल्यामुळें बुडाशीं त्याचा विजेचा संबंध तुटतो. म्हणून नौकेच्या आंत दांड्यावर चांदीचें कडें बसवून त्याला चांदी-ग्रॅफाइटचे ब्रश टेंकवितात आणि ते बुडाशीं जोडतात. या ब्रशांवर तेल-मळ साचला, कीं सर्व व्यवस्था फुकट जाते. तेव्हां हे ब्रश स्वच्छ ठेवण्याचें काम क्षुल्लक मानूं नये.

राहतां राहिला सांध्याच्या निवडीचा प्रश्न. पॅकिंगचा जुना सांधा स्वस्त, समजण्यास सोपा आणि समुद्रावरही दुरुस्त होणारा आहे. तो एकाएकीं दगा देत नाहीं; गळती वाढवून आधीं सूचना देतो. दुसरा प्रकार रबरी ओठांचा. १९४८ सालीं हँबुर्गच्या एका गोदीनें हा प्रकार मोठ्या जहाजांसाठीं प्रचारांत आणला. यांत नळी तेलानें भरलेली असते, आणि दोन्ही टोकांना रबराचे ओठ दांड्यावरील कड्याला चिकटून तेल आंत व पाणी बाहेर ठेवतात. घर्षण फार थोडें, आणि पोलादाला पाण्याचा स्पर्शच नाहीं, हा याचा मोठा गुण. परंतु कडें आरशासारखें गुळगुळीत पाहिजे, आणि मच्छीमारी जाळ्याचा एक धागा गुंडाळला गेला तरी ओठ फाटतो. तिसरा प्रकार दोन सपाट तोंडांचा: एक कडें दांड्याबरोबर फिरतें, दुसरें स्थिर राहतें, आणि दोघांचीं घासून सपाट केलेलीं तोंडें एकमेकांवर दाबलेलीं असतात. तो जवळजवळ कोरडा राहतो व दांड्यावर चऱ्या पाडीत नाहीं. पण त्यांतील रबरी नळी फाटली तर गळती एकदम मोठी होते.

कोंकणच्या नाखव्यानें यांपैकीं काय घ्यावें? याचें उत्तर पुस्तकांत नसून खाडींत आहे. ठाणें, वसई येथील खाड्यांचें पाणी गढूळ असतें. त्यांतील बारीक वाळू पाण्यानें वंगणलेल्या आधारांना कानशीसारखी घांसते, आणि तोंडांच्या सांध्यांतही ती शिरते. अशा ठिकाणीं गाळून घेतलेलें स्वच्छ पाणी दाबानें नळींत सोडण्याची सोय नसेल, तर महागडा सांधाही लवकर झिजतो. ज्याची होडी वर्षांतून एकदांच पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढली जाते, आणि ज्याचा तांडेल स्वतःच मिस्त्रीही आहे, त्याला साधें पॅकिंगच बरें. त्यांतही दोन खांचखळगे आहेत. ग्रॅफाइटचें पॅकिंग गुळगुळीत म्हणून चांगलें वाटतें. परंतु ग्रॅफाइट धातूंहून वरचढ असल्यामुळें तें दांड्यालाच झिजवितें. दुसरें, न गंजणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या पोलादावर विश्वास ठेवून स्वस्थ बसूं नये. त्या पोलादाला राखणारा पापुद्रा पाण्यांतील प्राणवायूवर जगतो. होडी महिनोंमहिने उभी राहिली, कीं पॅकिंगखालच्या कोंडलेल्या पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि तेथें बारीक पण खोल छिद्रें पडतात. म्हणून उभ्या होडीचा दांडा अधूनमधून फिरवावा, असें जुने लोक सांगत आले, तें शास्त्राला धरूनच आहे.

रंगाच्या बाबतींतही असाच एक विपरीत न्याय आहे. गंजणाऱ्या पोलादाला रंग द्यावा आणि कांशाचा पंखा उघडा ठेवावा, असें कोणालाही वाटेल. पण त्या रंगाला एखादें टांचणीएवढें छिद्र पडलें, तर संपूर्ण पंख्याचें आक्रमण त्या एका बिंदूवर एकवटतें आणि तेथें भोंक पडतें. उलट वरचढ धातूलाही रंग दिला, तर त्याचें आक्रमणच कमी होतें. संरक्षण करावयाचें असेल तर शत्रूची शक्ति घटवावी, हें धोरण येथेंही लागू पडतें.

मोठ्या जहाजांच्या जगांत गेल्या कांहीं वर्षांत घड्याळाचे कांटे जणुं उलटे फिरले आहेत. ओठांच्या सांध्यांतून थोडें थोडें तेल समुद्रांत जातें, ही गोष्ट पूर्वीं कोणी मनावर घेत नसे. २०१३ च्या डिसेंबरपासून अमेरिकेनें आपल्या पाण्यांत येणाऱ्या मोठ्या व्यापारी जहाजांना अशा ठिकाणीं सहज विघटन होणारें तेल वापरण्याचा नियम केला. त्यामुळें कित्येक जहाजमालक पुन्हां पाण्याच्या वंगणाकडे वळले. लिग्नम व्हायटीची जागा आतां कृत्रिम रबरांनीं व प्लॅस्टिकांनीं घेतली आहे इतकेंच. जॉन पेन यांची कल्पना अशी दीडशेंहून अधिक वर्षांनीं पुन्हां तरुण झाली.

पण साधनें सुधारलीं म्हणून सावधगिरीची गरज संपली नाहीं. २०१७ सालीं इंग्लंडची नवीकोरी विमानवाहू नौका ‘क्वीन एलिझाबेथ’ नौदलांत दाखल झाली, आणि त्याच महिन्यांत तिच्या एका दांड्याच्या सांध्यांतून ताशीं सुमारें २०० लिटर पाणी येत असल्याचें प्रसिद्ध झालें. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं नॉर्वेची ‘हेल्गे इंगस्टाड’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली. तिचे दांडे आंतून पोकळ होते. मागच्या दालनांत शिरलेलें पाणी त्या पोकळींतून पुढच्या दालनांत गेलें, आणि जलाभेद्य म्हणविणाऱ्या भिंती निरुपयोगी ठरल्या. सुदैवानें नौकेवरील १३७ माणसें वांचलीं, पण नौका गेली. भिंतींची व सांध्यांची काळजी घेणारांना त्या दांड्याच्या पोटांतूनही एक वाट आहे, हें वेळीं लक्षांत आलें नव्हतें.

‘अलार्म’ नौकेच्या खिळ्यापासून या घटनेपर्यंत अडीचशें वर्षें लोटलीं. या काळांत शीड गेलें, चक्र गेलें, वाफही गेली. खाऱ्या पाण्याचा स्वभाव बदललेला नाहीं. कागदाचा तुकडा, लाकडाची पट्टी, जस्ताचा ठोकळा, रबराचें कडें, चांदीचा ब्रश, अशा लहान व हलक्या वस्तूंनींच त्याला आजवर आवरून धरलें आहे. या वस्तूंची किंमत थोडी. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या मनुष्याची किंमत मोठी. पावसाळ्यापूर्वीं किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचा दांडा हातानें चांचपून पाहणारा कोळी, आणि अंबरनाथच्या प्रयोगशाळेंत खाऱ्या पाण्याच्या टांकींत धातूची पट्टी बुडवून तिचें वजन महिन्यामहिन्यानें घेणारा संशोधक, हे दोघेही एकच काम करीत असतात. त्या कामाला प्रसिद्धि नाहीं. परंतु समुद्रावर गेलेलें माणूस संध्याकाळीं घरीं परत येतें, याचें बरेंचसें श्रेय त्याच कामाला द्यावें लागेल.